डोळा नसलेलं पान

कुंडी उलटी केल्यावर मातीचा गड्डा वर्तमानपत्रावर पडला आणि स्वयंपाकघरभर कुजका वास पसरला. मास्तरांनी बोटाने माती बाजूला केली. मुळं म्हणून जे उरलं होतं, ते चिमटीत धरताच सोलून हातात आलं.

"गेलं," बायको म्हणाली.

"खालचं गेलं. वर हिरवं आहे अजून."

त्यांनी पिशवीतून कामावरची कात्री काढली. कपड्यांच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

"कापडाची कात्री वेलीला लावताय?"

"घरात धार हिलाच आहे."

होया नावाची ती शोभेची वेल मुलीची. तिच्या खोलीत खिडकीच्या गजांतून, पडद्याच्या दांडीवरून फिरून ती पार कपाटापर्यंत गेली होती. आज दोघांनी मिळून ती सोडवली. मुलगी वारल्यापासून त्या खोलीत दोघं एका वेळी उभे राहिले ते आजच. आता वेल टेबलावर आडवी पडली होती आणि तिचं टोक पलीकडून खाली लोंबत होतं. जाड, मेण फासल्यासारखी पानं सुरकुतून गेली होती.

जिवंत फांदी कापली की पांढरा चीक येतो, एवढं दोघांना ठाऊक होतं. चीक येणारा एक तुकडा मिळाला, तर पाण्यात ठेवून त्याला मुळं फुटतील. मुलगी अशीच कलमं करायची, आणि ओघळलेला चीक पुसायचं काम आईकडे असायचं.

मास्तरांनी बुडाशी कात्री चालवली. आत तपकिरी, कोरडं. पुढच्या पेरावर कापलं. तपकिरी. बायको प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून बघत होती आणि बाजूला ठेवत होती.

"जरा वर जाऊन कापा ना. खाली काही उरलेलं नाही."

"मधलं एखादं चांगलं निघालं तर? एकदा कापलं की कापलं."

"कामावर असेच रेंगाळता का?"

"कामावर कापड पुष्कळ असतं."

ती हसली नाही. एकेक पेर तपासत ते शेंड्यापर्यंत आले. शेवटच्या पेरावर कात्री चालवली. चीक आला नाही. त्या पेराला एकच पान होतं.

"पान देठापाशी कापून बघा," बायको म्हणाली.

त्यांनी कापलं. देठाच्या टोकावर पांढरा थेंब जमला, फुगला आणि वर्तमानपत्रावर पडला.

"आला," मास्तर म्हणाले. "आला ना चीक. लाव पाण्यात."

बायको जागची हलली नाही.

"अगं, ग्लास आण."

"त्याला डोळा नाही." तिने वाळलेलं पेर उचलून दाखवलं. पान जिथून निघालं होतं तिथे मोहरीएवढा फुगवटा होता, काळा पडलेला. "नवी फांदी फुटते ती इथून. नुसत्या पानाला नाही फुटत. बाजारात असं एकेक पान कुंडीत खोचून विकायचे, तेव्हा ती किती हसायची. म्हणायची, आई, शुद्ध फसवणूक आहे ही. मुळं धरतं, वर्षानुवर्षं हिरवंगार राहतं, पण शेजारी दुसरं पान येईल तर शपथ."

"म्हणजे मरत नाही ना?"

"मरत नाही."

मास्तरांनी कात्री पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली.

"पण कुजलं कसं? मी तर मोजून एक वाटी घालायचो. सुट्टीच्या दिवशी, तू बाहेर गेलीस की."

बायकोने मान वर केली. "तुम्ही पाणी घालत होतात?"

"तिनेच सांगितलं होतं. दवाखान्यात. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. म्हणाली, बाबा, वेलीचं तुम्हीच बघा. आईचा हात सढळ, मीठ असो की पाणी. तिला सांगू मात्र नका, रागावेल."

बायको खुर्चीवर बसली.

"मला म्हणाली, बाबांच्या भरवशावर सोडलंस तर वाळून कोळ होईल. कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस. तूच बघ. त्यांना कळू देऊ नकोस, वाईट वाटेल त्यांना."

"मग तू..."

"तुम्ही कामावर गेलात की. एक वाटी."

बाहेर कुणीतरी जिना चढून वर गेलं. वरच्या मजल्यावरचं दार लागलं.

"पानं सुरकुतायला लागली तेव्हा मला वाटलं, तहानली," मास्तर म्हणाले. "मी दोन वाट्या केल्या."

"मीसुद्धा."

तिने कापलेले तुकडे वर्तमानपत्राच्या मध्यावर ओढले, चारी कोपरे उचलून घट्ट पुरचुंडी बांधली आणि ती मांडीवर घेऊन बसली.

"आपल्यातल्या कुणीतरी एकाने तिला विसरायला हवं होतं," ती म्हणाली.

मास्तर उठले. फडताळातून काचेचा ग्लास घेतला, नळाखाली धरला. दुसऱ्या हातात ते पान होतं, ताठ, अजून हिरवं.

"किती घालू?" त्यांनी विचारलं.

ती पुरचुंडीकडे बघत राहिली. मुलीने त्या पानाचं काहीच सांगितलेलं नव्हतं, ना त्यांना, ना हिला.