चष्म्यातलं कोर्ट

परवा अत्याचाराच्या खटल्यात संहिताची साक्ष व्हायची होती. उलटतपासणीत पोरगी कोलमडू नये म्हणून स्नेहलतागंजमधल्या एका संस्थेनं खास चष्मा आणला होता. डोळ्यांवर चढवला की जज, वकील, अख्खं कोर्ट समोर हजर! समुपदेशक मधुरिमाजींनी आज मुद्दाम सगळ्यात टेढा वकील लावला.

"आप उसकी गाड़ी पर बैठीं ही क्यों?" तो गरजला.

"पड़ोसी थे. भरोसा था." संहिताचा आवाज जराही कापला नाही.

"वा! परवा अशीच बोल हं." मधुरिमाजींनी चष्मा काढून घेतला, दार लोटलं, खुर्ची जवळ ओढली. "आता आपल्याआपल्यात सांग बेटा, बसलीसच का गं त्याच्या गाडीवर?"

संहितानं चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. तिथे निदान जज तरी होता.