घट्ट बांधलेलं

आमचे हे काचसामानाच्या गोदामात पॅकिंगला आहेत. त्यांनी बांधलेलं खोकं वाटेत कधी सुटत नाही, याचा त्यांना भारी अभिमान. त्यामुळे लेकीचं बालवाडीचं दप्तरही त्यांनीच भरायला घेतलं. बाटलीचं झाकण पिळून बंद केलं, डब्याच्या दोन्ही क्लिपा दाबून बसवल्या, चेन पार टोकापर्यंत ओढली. तो डबा उघडताना माझंच नख मोडायची वेळ आली.

"अहो, हे तिला उघडायचंय," मी म्हटलं. "तिथे तुम्ही नसणार."

त्यांनी लेकीला पुढ्यात बसवलं, दप्तर पुन्हा रिकामं केलं आणि शिकवणी सुरू केली. "जोर नाही लावायचा. आधी ही बाजू सोडवायची, मग ती. घाई करायची नाही." जेवणं होईपर्यंत तिला डबा, बाटली, चेन, सगळं जमायला लागलं. माझ्या जिवात जीव आला.

सकाळी बालवाडीच्या दारात बाई हसत पुढे आल्या. लेकीने एक पाऊल टाकलं आणि तिथेच अडली. आता ही भोकाड पसरणार, असं मला वाटलं. पण तिने शांतपणे दप्तर खाली ठेवलं, मागे वळली, आणि आपला हात धरून उभ्या असलेल्या बापाच्या करंगळीपासून सुरुवात केली.

"जोर नाही लावायचा," ती स्वतःशीच पुटपुटत होती. "आधी हे बोट. मग हे."