राहिलेल्या नऊ गोळ्या

सोमवारी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गोदाबाईंना तिसरी उलटी झाली. उलटीत पाण्याशिवाय काही नव्हतं.

शेजारच्या मालूबाईंनी त्यांचं तोंड पुसलं. "काय वं वहिनी, नऊ दिवस उपास आन दहाव्या दिवशी पुरणपोळी. पोट बिचारं काय करीन?"

गोदाबाई हसल्या नाहीत. त्या समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या.

"मालू, भिंतीला पिवळा रंग कधी दिला गं?"

"कालचा झेंडू दिसत असंल. तोरणाचा."

"तोरण दाराला आहे. भिंत पिवळी दिसते. तूसुद्धा."

गोदाबाईंचे यजमान लीलाधर बुऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीत रेकॉर्ड सांभाळत. ते कोटाची बटणं लावत होते, ते थांबले. मालूबाईंचा नवरा कडू सायकल घेऊन डॉक्टरांना आणायला गेला.

डॉक्टर आठला आले. त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजलं आणि पुन्हा एक मिनिट मोजलं.

"चव्वेचाळीस," ते म्हणाले. "हृदयाची गोळी रोज एकच चालू आहे ना?"

ही गोळी श्रावणात सुरू झाली होती. तिने गोदाबाईंच्या पायांची सूज उतरली होती आणि त्यांना आडवं झोपता येऊ लागलं होतं.

"एकच," लीलाधर म्हणाले. "पण घट बसल्यापासून हिने घेतली नव्हती. नऊ दिवस फराळाशिवाय तोंडात काही घालणार नाही म्हणाली."

"मग?"

"अष्टमीला पाय पुन्हा सुजले. रात्रभर भिंतीला टेकून बसली होती. काल घट हलले, तेव्हा राहिलेल्या दिल्या."

"किती?"

"नऊच्या नऊ. एकदम नाही दिल्या. सकाळी तीन, दुपारी तीन, रात्री तीन. आणि कालची एक वेगळी." लीलाधरांनी रिकामी बाटली पुढे केली. "एकही बाकी ठेवली नाही."

एक नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना व्हायची होती. बुऱ्हाणपूरचे कागद त्यानंतर नागपूरऐवजी भोपाळला जाणार होते. त्याआधी पडून असलेलं प्रत्येक प्रकरण निकाली काढा, असा वरून हुकूम होता. गेले तीन आठवडे लीलाधर तेच करत होते. अख्ख्या कचेरीत फक्त त्यांचं कपाट रिकामं झालं होतं, आणि तहसीलदारांनी ते बाकीच्या कारकुनांना बोलावून दाखवलं होतं.

डॉक्टरांनी बाटली खिडकीत ठेवली. "नाडी मोजली होती?"

"काल सकाळी मोजली. शंभराच्या वर होती. साठच्या खाली गेली तर देऊ नका, असं तुम्ही सांगितलं होतं. म्हणून मोजूनच दिल्या."

"दुपारी? रात्री?"

"तेव्हा नाही मोजली."

"चुकलेली गोळी चुकली, लीलाधरराव. ती भरून काढायची नसते. दुसऱ्या दिवशी फक्त त्या दिवसाची घ्यायची."

"हे तुम्ही सांगितलं नव्हतं."

"नाही," डॉक्टर म्हणाले. "नव्हतं सांगितलं."

मालूबाई उलटीचं भांडं उचलून मोरीकडे गेल्या.

"आता पोटातून काढता येतील?" लीलाधरांनी विचारलं.

"पोटात नाहीत त्या आता. रक्तात गेल्या. हिला पिवळं दिसतं ते त्यांच्यामुळेच."

"उतारा असेल काही. खंडव्याला मिळेल. मी दहाच्या गाडीने नेतो हिला."

"उतारा खंडव्यालाही नाही आणि मुंबईलाही नाही. गाडीचे धक्के हिला सोसणार नाहीत." डॉक्टरांनी दंडात एक सुई दिली. "उठू देऊ नका. परसाकडेही नाही. दर अर्ध्या तासाला नाडी मोजा आणि लिहून ठेवा. चाळिसाच्या खाली आली की कडूला पाठवा."

लीलाधरांनी कोट काढला. त्यांनी एका कोऱ्या कागदावर पट्टीने रकाने आखले आणि डावीकडे वेळा लिहिल्या. नऊला चव्वेचाळीस. साडेदहाला बेचाळीस. बाराला पुन्हा चव्वेचाळीस आले, तेव्हा त्यांनी मालूबाईंना जेवून यायला सांगितलं. दीडला चाळीस. दोनला अडतीस.

कडू सायकलवरून गेला आणि वीस मिनिटांत परत आला. डॉक्टर असीरगढला एका अडलेल्या बाळंतिणीकडे गेले होते. संध्याकाळपर्यंत येतील, असं कंपाउंडरने सांगितलं होतं.

"असीरगढला जाऊ का मी, भाऊ?" कडू म्हणाला. "सायकलीवर दीड तास लागंल."

"जा."

साडेतीनला गोदाबाईंनी डोळे उघडले. लीलाधरांची बोटं त्यांच्या मनगटावर होती.

"किती आली?"

"अडुसष्ट."

"मग बरी आहे की मी." त्या थोडा वेळ दम घेत राहिल्या. "तुम्ही कचेरीत जा. काम पडून राहील तिकडे."

"आज काही काम नाही."

गोदाबाईंनी डोळे मिटले. लीलाधरांनी कागद ओढला आणि साडेतीनच्या समोर चौतीस लिहिलं.

चारला त्यांनी पुन्हा मनगट हातात घेतलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना मालूबाई चहा घेऊन आल्या, तेव्हा ते तसेच बसले होते. कागदावर चारच्या समोर काही लिहिलेलं नव्हतं.