गोळ्यांचे वाटे

मुलांनो, समजा भर दुपारी तुमच्या अंगावर दोन गोधड्या आहेत आणि तरी तुमचे दात वाजतायत. ढाणकीजवळच्या एका बंजारा तांड्यात राखी तशीच पडली होती. नुकता कुठे गेलेला हिवताप परत आला होता.

तो परत आणणारे तिचे आजोबाच. देवसिंग म्हणजे तांड्याचे नायक, गावच्या पाटलासारखे. देवीच्या बोकडाचे वाटे पाडावेत ते त्यांनीच. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. इतका न्यायी माणूस सरकारी गोळ्या एकट्या नातीला कशा खाऊ देईल? तिचा ताप उतरताच त्यांनी उरलेलं पाकीट फोडलं आणि तांड्यातल्या प्रत्येक कण्हणाऱ्याला एकेक गोळी दिली. सगळ्यांना बरं वाटलं. निदान नायकाच्या तोंडावर सगळे तसं म्हणाले. आता सगळेच कुडकुडत होते, तेही समसमान.

नर्स निशिगंधाताईंनी राखीचं बोट टोचून रक्त तपासलं आणि नवं पाकीट तिच्या हातात दिलं.

"ताप गेला तरी हा रोग पोटात लपून राह्यते, पोरी. साऱ्या गोळ्या तूच संपवायच्या. अंगात रगत उरलं नाही तुह्या. अजून पडली, तं उठणं मुश्कील होईन."

ताईंची पाठ वळायच्या आतच देवसिंगांनी हात पसरला. "आण बेटा, वाटे करू."

"मंग तुमचंही बोट द्या, नायक," ताई म्हणाल्या. "तपासतो. निंगला हिवताप, तं तुमच्या गोळ्या तुम्हाले."

पसरलेला हात झटकन मागे गेला. "मले कायले टोचता? पोरीचं काढलं न आत्ता! एकाच घरचं रगत, त्यात वेगळं काय निंगन?"

राखीनं दाराकडे पाहिलं. तिथं जमलेल्या, एरवी धट्ट्याकट्ट्या माणसांनीही आपापले हात पाठीमागे नेले होते. रात्री शेतात रानडुकरं हाकणारी ही माणसं! अख्ख्या तांड्याचं औषधपाणी आपल्या एका बोटावर चाललंय, हे तिला तेव्हा कळलं.

सगळ्यांसमोर तिनं पहिली गोळी गिळली. पाकीट उशीखाली सारलं. गोधडी बाजूला करून ती उठली.

"दादा, आता रगताचे वाटे करा," ती आजोबांना म्हणाली, आणि त्यांचं बोट पकडून तिनं ते ताईंच्या सुईपुढे धरलं.