हुशार मुलीच्या चुका

"हे पण चुकलं," चिंगीचा बाप म्हणाला, आणि आजीने मान वर केली.

हेच गणित पोरीने सकाळी दात घासता घासता सोडवलं होतं. तोंडात फेस, हातात ब्रश, आणि उत्तर बरोबर. आता संध्याकाळी बापासमोर टेबलाशी बसली, तर चूक. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आजी खिडकीपाशी फ्रॉकची दुमड उसवत बसली होती. तो शिकवायला आला की ती तिथून हलत नसे. पोरीची आई मुद्दाम उशिरा घरी यायची. काडीमोड घेतलेल्या नवऱ्याची जिन्यात गाठ नको. मग राखण कोणी करायची? बोली स्पष्ट होती: परीक्षेपर्यंतच यायचं, पुढे नाही. परीक्षा उद्यावर आली होती. पास झाली तर चिंगी शाळेत वरच्या गणिताच्या वर्गात, मोठ्या मुलांबरोबर बसणार. नाहीतर वर्षभर येतंय तेच गिरवायचं आणि बाकावर जांभया द्यायच्या.

पोर तापाने फणफणली तेव्हा हा माणूस कुठे होता? दुधाचे दात पडले तेव्हा? शाळेतल्या बाई म्हणाल्या, "ही मुलगी वेगळी आहे," आणि स्वारी उगवली. पेरणीला कोणी नाही, कापणीला पाहुणे.

आजीला त्या गणितातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण चिंगी तिच्या हाताखाली वाढली होती. पोर खरंच अडली की वेणीचं टोक चावायची. आत्ता वेणी पाठीवर निवांत पडली होती. आणि उत्तर लिहून झालं की पोर कागदाकडे बघत नव्हती, बापाच्या तोंडाकडे बघत होती.

हाच तिला गोंधळात पाडतोय, आजीने ठरवून टाकलं. परीक्षा बुडवायची आणि मग म्हणायचं, इथे अभ्यास होत नाही, पोरीला माझ्याकडे पाठवा.

चिंगी पाणी प्यायला आत गेली. आजीने कात्री खाली ठेवली.

"काय हो साहेब, शिकवताय की आलेलं विसरायला लावताय?"

जावई होता तेव्हा तो तिला आई म्हणायचा. आता काहीच म्हणत नसे. वाक्य मधूनच सुरू करायचा.

"मीही तेच विचारणार होतो. तिला इथे कोणी पढवतंय का? माझ्यासमोर चुकायला?"

"चोराच्या उलट्या बोंबा! मी पढवते? मला सहीपुरती अक्षरं येतात."

"आकडे येतात ना?" त्याने कागद तिच्या पुढ्यात सरकवला. "हे खरं उत्तर, हे तिचं. हे खरं, हे तिचं."

आकडे आजीला येत होते. चाळीसच्या जागी एक्केचाळीस. सतराच्या जागी अठरा. खालीही तेच. सगळीकडे एकाने जास्त.

"ज्याला येत नाही तो कसाही चुकतो," तो हळू आवाजात म्हणाला. "ही आधी बरोबर सोडवते. मग त्यात एक मिळवते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गर्दीत पाकीटमार धरायला धावलेल्या दोघांनी एकमेकांचीच मनगटं धरावीत, तसं झालं.

आतून चिंगीचा आवाज आला. "बाबा, मला अजून नीट येत नाहीये ना? मग उद्या परीक्षा नकोच. पुढच्या वर्षी देते. तोपर्यंत तू शिकव."

बाप पेन्सिलीला टोक काढायला लागला. टोक होतंच.

आजी त्याच्याकडे बघत राहिली. संशय तिने सोडला नव्हता. देवाच्या बाबतीतही ती तो सोडत नसे. पण पोरीची परीक्षा हातची चालली होती, ते तिला दिसत होतं.

"काय हो," ती आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या वरच्या वर्गातलं गणित सोपं असतं का?"

"तिला जमेल."

आजीने डोळे वटारले.

"म्हणजे... अवघड असतं," तो सावरत म्हणाला. "खूपच. एकटीला झेपायचं नाही."

"मग शिकवणी लागणारच. येत जा तुम्ही. पण एक सांगून ठेवते. पोर उद्या नापास झाली तर या घरात पाऊल टाकायचं नाही. नापास करणारा मास्तर मी दारात उभा करत नाही."

आतला नळ बंद झाला.

चिंगी बाहेर आली, खुर्चीवर बसली. कागद पुढे ओढला, पण पेन्सिल घेतली नाही.

"आईने हो म्हटलंय?" तिने विचारलं.

"मी तुझ्या आईची आई आहे. मी बोलते तिच्याशी."

"कधी?"

"परीक्षा होऊ दे."

"आधी बोल."

"आजीवर विश्वास नाही का गं भवाने?"

"आहे," चिंगी म्हणाली. "पण आधी बोल."

बाप मान खाली घालून हसू दाबत होता. आजीने त्याच्याकडे असं पाहिलं की ते हसू जागच्या जागी विरलं. मग तिने फोन उचलला, लेकीला लावला.

"ऐक. आज बाहेर वेळ काढत बसू नकोस, सरळ घरी ये... नाही, गेलेला नाही. मीच थांबवलाय. तुझ्याशी बोलायचंय आम्हाला."

चिंगीने पहिल्या उत्तरावर रबर टेकवलं होतं. खोडत मात्र नव्हती. पलीकडून आई काय म्हणते, ते ऐकत होती.