माणशी मोजलेलं कपाट

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यातला मी नाही. गोदाम सांभाळणारा माणूस, त्यामुळे घरातही एक कपाट महिनाभराच्या शिध्यानं भरून ठेवलं होतं. तांदूळ, डाळी, पीठ, दूध पावडर, सगळं माणशी मोजून. यादी दाराला आतून चिकटवलेली.

पूल वाहून गेला, रस्ता बंद झाला, तेव्हा मी मिशीतल्या मिशीत हसलो. शेजारीपाजारी दुकानापुढे रांगेत आणि आम्ही घरात निवांत. वैताग आणला तो फक्त आईनं. रोज ताटात दोन घास घ्यायची आणि म्हणायची, "मला भूक नाही रे."

बाराव्या दिवशी खुर्चीतून उठताना तिला भोवळ आली. मी ओरडलोच, "कपाट भरलेलं असताना उपाशी कशाला राहतेस? लोक काय म्हणतील मला?"

"तुझं माप चुकायला नको," ती हळूच म्हणाली. "मुलांना कमी पडेल."

माझं माप कधी चुकत नाही. तेच दाखवायला मी तरातरा जाऊन कपाट उघडलं, यादीवर बोट ठेवलं, आणि ते पहिल्याच ओळीवर अडकलं. 'माणसं चार.' मी, बायको आणि दोन मुलं.

अक्षर माझंच होतं. कपाट भरताना मी वजन करत होतो आणि यादी आई वाचून दाखवत होती. ती ओळ वाचून ती जराशी थांबली होती.

मी म्हणालो होतो, "थांबलीस काय, पुढे वाच."