छातीवरचा पट्टा

"आता छातीचा पट्टा लावा ताई. त्याच्याबिगर बॅग डुलते," दुकानदार अब्रार म्हणाला.

प्रेरणाने तो लावला नाही. पट्ट्याची दोन्ही टोकं हातात धरून ती आरशासमोर नुसती उभी राहिली. शाळेपासूनच्या तिच्या मैत्रिणी शनिवार-रविवारी पुसदकडच्या डोंगरांत चालायला जात. येत्या शनिवारी तीही जाणार होती. त्यासाठीच ती आणि तिचा नवरा घनश्याम सकाळच्या एसटीने राळेगावहून यवतमाळला आले होते. अर्धं दुकान पाठीवर चढवून उतरवल्यावर ही निळी बॅग तिला पटली होती. कमरेचा गादीचा पट्टा आवळला की सगळं ओझं कमरेवर यायचं. वजन कळावं म्हणून अब्रारने आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या कोंबल्या होत्या, तरी खांद्यांना काही जाणवत नव्हतं. छातीचा पट्टा तेवढा नको होता.

"राहू द्या तो," ती म्हणाली.

"काहून ताई? लावून तं पाहा. चढावर लय आराम भेटते."

मागे स्टुलावर बसलेल्या घनश्यामने घसा खाकरला. तो आवाज प्रेरणाच्या चांगला ओळखीचा होता. तिने आरशातूनच डोळे वटारले. त्याचं लक्ष नव्हतं.

"तिचं ऑपरेशन झालं ना भाऊ," तो म्हणाला. "कॅन्सरचं. डाव्या अंगाची छाती काढली. तिथं दाब नाही पडला पाह्यजे."

पर्स बघत असलेल्या दोन कॉलेजच्या मुली थबकल्या. त्यांची नजर प्रेरणाच्या डाव्या बाजूवर गेली आणि चटका बसल्यासारखी पुन्हा पर्सवर आली. अब्रारचा आवाज एकदम खाली आला. "अरे अरे. सॉरी ताई. बसा ना तुमी, बसा." त्याने स्वतः पाण्याचा ग्लास आणला. निळी बॅग तिच्या पाठीवरून अलगद उतरवून बाजूला ठेवली आणि फुलाफुलांची एक कापडी पाठपिशवी काढली. लहान मुलीने शाळेत न्यावी एवढी. "हे घ्या. एकदम हलकी. एक डबा, एक बाटली, बस. तुमाले जास्त कायले पाह्यजे?"

"हे बरोबर हाये," घनश्याम खूश झाला. "मी तं म्हणतो, जाऊच नको. पण आयकते कोण!"

प्रेरणाने ग्लास काउंटरवर आपटला. पाणी सांडलं.

"तुमी एसटीत कंडक्टरले सांगतलं. मामाच्या पोराच्या लग्नात वाढणाऱ्याले सांगतलं. पेट्रोल पंपावर सांगतलं! तिथं तं कोनं विचारलंबी नव्हतं."

"हळू बोल. मी तुह्याच भल्यासाठी..."

"माह्या अंगाची गोष्ट हाये ते! डॉक्टरनं चाल म्हटलं, जा म्हटलं. तुमी मले रोज बिमार करता. मी बरी झाली, हे एकाले तरी सांगतलं काय?"

मुली काही न घेता बाहेर पडल्या. अब्रार सांडलेलं पाणी पुसत राहिला.

"भाऊ, कैची हाये काय?" प्रेरणाने विचारलं.

त्याने गल्ल्याजवळची कात्री दिली. तिने निळी बॅग काउंटरवर ओढली आणि छातीचा पट्टा कापायला घेतला. पट्टा जाड होता, कात्री बोथट. ऑपरेशनपासून डाव्या हातात पहिल्यासारखा जोर राहिला नव्हता. बॅग त्या हातातून सारखी सटकत होती. घनश्याम मदतीला अर्धवट उठला.

"बसा तिथंच."

तो बसला. तिने दात आवळून एक बाजू कापली, मग दुसरी. दोन तुकडे काउंटरवर पडले.

"ताई, आता वापस नाही होणार," अब्रार हलकेच म्हणाला.

"वापस करतं कोण? अन् बाटल्या आतच राहू द्या. त्याइचेबी पैसे घ्या."

तिने पैसे दिले, बॅग पाठीवर टाकली, कमरेचा पट्टा आवळला आणि ती उन्हात बाहेर पडली. मागून घनश्यामच्या चपलांचा आवाज आला. "दे, मी धरतो," तो म्हणाला. ती थांबली नाही. बाजारातल्या गर्दीतून ती अशी चालली की लोकच बाजूला होत गेले. अंगात संताप मावत नव्हता. चालताना पाठीवर पाणी डुचमळत होतं.

बसस्टँडच्या फाटकाशी त्याने तिला गाठलं. त्याला दम लागला होता.

"मले भेव वाटते, प्रेरणा," तो म्हणाला. "कोनाले सांगतलं का थोडं हलकं वाटते."

ती गर्रकन वळली. ऑपरेशनच्या दिवशीही तो असं काही बोलला नव्हता. तेव्हा तो दवाखान्यात सगळ्यांना चहा पाजत फिरत होता.

"साऱ्या दुनियेले सांगत सुटले," ती म्हणाली. "मलेच नाही सांगतलं."

राळेगावची गाडी लागलेली होती. ती पुढे होऊन चढली, खिडकीशी बसली, बॅग उतरवून शेजारच्या सीटवर ठेवली आणि बाहेर बघत राहिली. घनश्याम सीटच्या दांड्याला धरून उभा राहिला. गाडीत इतर जागा रिकाम्या होत्या. तो तिकडे गेला नाही.

गाडी सुरू झाली तेव्हा तिने बाहेरची नजर न काढताच बॅग उचलून मांडीवर घेतली.